खाऱ्या मातींतील जेवण आणि गाणें

गेल्या हिंवाळ्यांत एका शनिवारीं उलवे येथें एका आप्तांच्या घरीं जाण्याचा योग आला. रात्रीं सर्व मंडळी जवळच्याच एका नव्या उपाहारगृहांत जेवावयास गेलों. हल्लीं शनिवार-रविवारीं अशा ठिकाणीं गाणेंबजावणें असतें. त्याप्रमाणें एका कोपऱ्यांत, हातभर उंचीच्या चौथऱ्यावर, एक तरुण गिटार घेऊन जुनीं हिंदी चित्रपटगीतें गात होता. पदार्थांच्या यादींत 'केजन बटाटे' असें एक नांव होतें. मुलांनीं तेंच प्रथम मागविलें. तळलेले लहान बटाटे, त्यांवर केशरी रंगाचें दाट कालवण आणि वरून तिखट भुकटी. पदार्थ वाईट नव्हता. 'केजन म्हणजे काय?' असें आमच्यांतील एका मुलीनें विचारलें. वाढप्यानें 'एक मसाला' असें उत्तर दिलें आणि तें सर्वांना पुरेसें वाटलें. इतक्यांत गाणाऱ्यानें दोन गाण्यांच्या मध्यें विसावा घेतला, आणि त्या शांततेंत बाहेरून, शेजारच्या गांवठाणांतून, हळदीच्या बॅण्डचा आवाज खिडकीच्या कांचेवर आदळूं लागला. तेव्हां गाणाऱ्यानें तत्काळ ध्वनिक्षेपक मोठा केला व पुढचें गाणें सुरू झालें.

केजन हा मसाला नव्हे. तें एका लोकसमूहाचें नांव आहे, आणि त्या लोकांचा इतिहास असा आहे कीं, खिडकीबाहेर ज्यांची हळद वाजत होती त्यांनीं तो ऐकला तर त्यांना तो परका वाटणार नाहीं. समुद्र हटवून शेती करणारे दोन समाज, पृथ्वीच्या दोन टोकांस, एकमेकांची वार्ताहि नसतां, जवळजवळ एकाच रीतीनें जगले, एकाच रीतीनें जेवले व गायले, आणि दोघांच्याहि पायांखालची जमीन गेली. त्यांच्या कथा शेजारीं ठेवून पाहिल्या असतां, जेवतांना गाणें ऐकण्याच्या आजच्या हौशीविषयीं कांहीं विचार सुचतात. ते वाचकांपुढें मांडण्याचा येथें उद्देश आहे.

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, आज ज्यास कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांत म्हणतात तेथें, सतराव्या शतकांत फ्रान्सच्या पश्चिम भागांतील कांहीं शेतकरी कुटुंबें जाऊन राहिलीं. त्या मुलखास तीं अकादी म्हणत. तेथील फंडीच्या उपसागरांत भरतीचें पाणी इतकें चढतें कीं, जगांत त्याला जोड नाहीं असें म्हणतात; किनाऱ्यालगतची सपाट दलदल त्या पाण्याखालीं जाई. दुसऱ्या कोणीं ती जमीन नापीक म्हणून सोडून दिली असती. या लोकांनीं गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांचे बांध घातले, बांधाच्या पायथ्याशीं लांकडी पन्हळ बसविली, आणि त्या पन्हळींत एक झडप अशा बेतानें टांगली कीं, ओहोटीच्या वेळीं आंतल्या पावसाच्या पाण्यानें तिला ढकलून बाहेर पडावें, आणि भरती आली म्हणजे समुद्राच्याच दाबानें ती मिटावी. कांहीं वर्षें पावसानें मीठ धुऊन निघालें म्हणजे त्या जमिनींत धान्य उत्तम पिके. बांध हें एकट्याचें काम नव्हे. एकाच्या हयगयीनें सर्वांचें शेत बुडावयाचें; म्हणून तो सर्वांनीं मिळून घालावा, सर्वांनीं मिळून राखावा, अशी रीति पडली. एकमेकांवांचून जगतां न येणाऱ्या माणसांच्या जेवणांत व गाण्यांतहि तीच रीति उतरते.

रायगड जिल्ह्यांतील वाचकास हें वर्णन वाचून कोणी आपलीच गोष्ट सांगत आहे असें वाटेल. उरण, पनवेल, पेण व अलिबाग या तालुक्यांच्या खाडीकाठच्या खारजमिनी याच युक्तीनें झाल्या आहेत. मातीचा बांध, बांधांत पाण्याचा दरवाजा, आणि त्या दरवाजास 'उघाडी' हें किती अर्थपूर्ण नांव! बांध घालून समुद्रापासून मिळविलेल्या अशा जमिनींस या भागांत शिलोत्री म्हणत. त्यांत खारें पाणी सोसणारा तांबडा 'रता' भात पेरीत. पनवेलच्या संशोधन केंद्रांतून पुढें निघालेल्या 'काळा रता' व 'भुरा रता' या जातींच्या नांवांत ती आठवण शिल्लक आहे. जेथें भात येत नसे तेथें मिठाचे आगर. आगरावरून आगरी, असें या समाजाच्या नांवाचें मूळ सांगतात. या जमिनीवर खरा हक्क कोणाचा, हा वादहि जुनाच आहे. सन १९३३ मध्यें अलिबाग तालुक्यांतील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं खोतांची जमीन कसण्याचें नाकारलें, आणि तो संप सन १९३९ पर्यंत चालला. सन १९४८ मध्यें मुंबई सरकारनें खारजमिनींसाठीं स्वतंत्र कायदा केला. उलव्याच्या रेल्वेस्थानकास खारकोपर म्हणतात. रोज त्या स्थानकावर उतरणाऱ्यांपैकीं नांवांतील 'खार' कोणती, हें विचारणारे थोडेच असतील.

आतां अकादीकडे वळूं. सन १७१३ च्या तहानें तो मुलूख इंग्रजांकडे गेला. फ्रेंच बोलणाऱ्या या शेतकऱ्यांनीं इंग्लंडच्या राजाशीं बिनशर्त एकनिष्ठतेची शपथ घ्यावी, असा आग्रह सुरू झाला. फ्रान्सविरुद्ध शस्त्र धरावयास लावणार नाहीं असें वचन असेल तरच शपथ घेऊं, असें त्यांचें म्हणणें होतें. ता. ५ सप्टेंबर १७५५ रोजीं ग्राँ-प्रे या गांवच्या पुरुषांना चर्चमध्यें बोलावून दरवाजे बंद करण्यांत आले आणि जमीन, घरें व गुरें सरकारजमा झाल्याचा व सर्वांस देशाबाहेर घालवीत असल्याचा हुकूम वाचून दाखविण्यांत आला. पुढील सातआठ वर्षांत सुमारें दहा हजार माणसें जहाजांत भरून निरनिराळ्या किनाऱ्यांवर नेऊन सोडलीं. कित्येक वाटेंतच रोगानें व जहाजें फुटून मेलीं. लाँगफेलो या कवीनें सन १८४७ मध्यें 'इव्हँजेलिन' हें काव्य लिहिलें तें याच घटनेवर. पण काव्यापेक्षां एक लहानशी गोष्ट अधिक बोलकी आहे. सन १७५९ च्या वादळांत ते जुने बांध फुटले. ओसाड केलेल्या त्या जमिनींवर आणून बसविलेल्या नव्या वसाहतवाल्यांना बांध दुरुस्त करण्याची विद्या येईना. तेव्हां कैदेंत असलेल्या अकादी लोकांनाच आणून, त्यांच्याच जुन्या शेतांवर, मजुरीनें बांध घालावयास लावलें. काल जो यजमान होता तो आपल्याच अंगणांत मोलकरी झाला.

यांपैकीं कांहीं कुटुंबें सन १७६५ पासून मेक्सिकोच्या आखाताकांठीं, त्या वेळीं स्पेनच्या ताब्यांत असलेल्या लुइझियाना प्रांतांत येऊं लागलीं. सन १७८५ मध्यें फ्रान्समध्यें अडकून पडलेलीं सुमारें सोळाशें माणसें सात जहाजांतून तेथेंच आलीं. मिसिसिपीच्या मुखाजवळच्या दलदलींत त्यांनीं पुन्हा घरें बांधलीं. 'अकादियँ' या शब्दाचा उच्चार झिजून 'कादियँ' झाला, आणि इंग्रजांच्या तोंडीं त्याचें 'केजन' झालें. म्हणजे बटाट्यांवर जी भुकटी पडली होती ती वस्तुतः एका हरवलेल्या गांवाची हांक आहे.

उलव्याची कथा अलीकडची, म्हणून तिजविषयीं अधिक जपून बोललें पाहिजे. सन १९७० मध्यें सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या बाजूंच्या ९५ गांवांच्या जमिनींवर नव्या मुंबईची आंखणी सुरू झाली. मिळालेला मोबदला व गेलेली जमीन यांचें माप जुळेना. सन १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उरण तालुक्यांत जें आंदोलन झालें त्यांत पोलिसांच्या गोळीबारानें पांच शेतकरी मृत्युमुखीं पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्यास परत देण्याची योजना त्या लढ्याचें फळ होय. पुढें विमानतळासाठीं उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वाघिवली इत्यादि दहा वस्त्यांना स्थलांतर करावें लागलें. उलव्याची टेकडी सुरुंगांनीं उडवून सपाट केली. उलवे नदीचा ओघ वळविला. सन २०१८ मध्यें खारकोपरपर्यंत रेल्वे आली, सन २०२४ च्या आरंभीं अटल सेतु खुला झाला, आणि सन २०२५ च्या डिसेंबरांत विमानें उडूं लागलीं. या सर्वांचा उपयोग आपण करतों, हें आपण विसरूं नये. तुलनाहि ताणूं नये. अकादी लोकांना हाकलून दिलें. येथें कायदा होता, मोबदला होता, न्यायालय होतें, निवडणूक होती. तथापि एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच विचित्र आहे. अकादी लोकांनीं गांव गमावलें पण त्याचें नांव बरोबर नेलें. येथें नांव जागच्या जागीं राहिलें, उपनगरास तेंच शोभलें, पण ज्या गांवाचें तें नांव होतें तें गांव उठून गेलें.

जमीन गेल्यावर माणसाजवळ काय उरतें? देव उरतो, बोली उरते, आणि जेवण व गाणें उरतें. यांपैकीं शेवटचीं दोन ठेवावयास जागा लागत नाहीं, म्हणून तीं सर्वांत दूरवर जातात.

लुइझियानांतील दलदलींत गहूं पिकेना, तेव्हां केजन लोक भात खाऊं लागले. गोड्या पाण्यांतील कोळंबीसारखा लालसर झिंगा, खेंकडे, मासे, रानपक्षी, जें मिळेल तें त्यांच्या हंडींत पडे. त्यांच्या 'गंबो' नांवाच्या प्रसिद्ध कालवणाचा इतिहास म्हणजे त्या प्रांताचा इतिहासच आहे. पीठ चरबींत तांबूस होईपर्यंत भाजण्याची रीत फ्रेंचांची. वरून घालावयाची सॅसाफ्रासच्या पानांची पूड तेथील मूळच्या चॉक्टो लोकांची. आणि गंबो हें नांवच आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या भाषेंतील भेंडीचें नांव. आमच्या घरोघर होणारी भेंडी त्या हंडींत अशी येऊन बसली आहे. तेथें आज भाताच्या खाचरांत पीक निघाल्यावर त्याच पाण्यांत झिंगे वाढवितात. आमच्याकडे खारेपाटांतील तळ्यांत जिताडा वाढवितात. तेथें झिंग्यांची रास मोठ्या हंड्यांत उकडून लांब मेजावर ओततात व सर्व मंडळी उभ्यानेंच हातांनीं खाते. आमच्याकडे थंडींत वालाच्या शेंगा भरूं लागल्या म्हणजे शेतांत पोपटी लागते. मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडीं, कोंबडी. मडकें उपडें घालून भोंवतीं पेंढ्याचा जाळ. आणि तें शिजेपर्यंत जाळाभोंवतीं बसलेल्यांचीं गाणीं. पोपटी एकट्यासाठीं कोणी लावीत नाहीं.

केजन लोकांचें नृत्य प्रथम घरांतच होई. शनिवारीं ज्याच्या घरीं जमावयाचें त्यानें बैठकीच्या खोलींतील सामान बाहेर काढावें, शेजाऱ्यांनीं आपापल्या घरून पदार्थ आणावे, लेंकरांना आंतल्या खोलींत निजवावें आणि मोठ्यांनीं रात्रभर नाचावें. या मेळाव्यास 'फे दो दो' म्हणत. पोरांना थोपटतांना आई जें 'झोप जा' म्हणते त्याचेंच तें फ्रेंच रूप. सारंगी वाजविणारा शेजारीच असे. तो दमला म्हणजे जेवावयास बसे आणि जेवणारा उठून सारंगी घेई.

आगरी हळदीची रात्र पाहिलेल्या वाचकास यापुढें कांहीं सांगावयास नको. तांदळाची भाकरी, मटण, चिंबोरीचा रस्सा, आणि मांडवांत पहाटेपर्यंत नाच. पण त्या गोंगाटाच्या आंत एक शांत व फार प्राचीन वस्तु आहे, तिजकडे सुशिक्षितांचें लक्ष क्वचितच जातें. या समाजांतील लग्नाचे विधि परंपरेनें धवलारीण चालविते. ती पौरोहित्य करते तें मंत्र म्हणून नव्हे, तर धवळे गाऊन. हळद, मुहूर्तमेढ, पाणवठा, प्रत्येक विधीचें गाणें निराळें. तें तिनें म्हणावें व भोंवतींच्या बायांनीं मागून उचलावें. महानुभाव पंथांतील महदंबेनें तेराव्या शतकांत रचलेले 'धवळे' आपण मराठींतील पहिल्या कवयित्रीची रचना म्हणून महाविद्यालयांत शिकतों. परंतु धवळा हा पोथींतून संपलेला प्रकार नसून खाडीकांठच्या मांडवांत अद्याप जिवंत आहे, ही गोष्ट त्या वर्गांत सहसा कोणी सांगत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, हळदींत आतां धवळे कोठें, सगळा बॅण्ड आणि ध्वनिक्षेपक! हें बव्हंशीं खरें आहे. हळदीवरील खर्च व दारू यांना आळा घालण्याची हांक खुद्द समाजांतीलच जाणत्या माणसांनीं वेळोवेळीं दिली आहे. पण परकें वाद्य आलें म्हणजे गाणें परकें झालें असें मात्र समजूं नये. केजन गाण्याचा आज जो प्राण समजला जातो तो हातांतील भात्याचा बाजा, ॲकॉर्डियन, जर्मन कारागिरांनीं केलेला व एकोणिसाव्या शतकांत दुकानांतून आलेला. त्याच्या जोडीचा लोखंडी त्रिकोण गवत ओढण्याच्या दांताळ्याचे दांते वांकवून केलेला. आगरी-कोळी वाद्यवृंदांत 'बेंजो' म्हणून जें तारवाद्य वाजतें त्याचें मूळ विसाव्या शतकाच्या आरंभीं जपानांत निघालेल्या, कळा दाबून वाजविण्याच्या एका वाद्यांत आहे. गरीब समाज वाद्याची जात पाहात नाहीं. आवाज किती दूर जातो तें पाहतो.

लुइझियानाचें संगीत तर केजन बटाट्यांच्या फार आधीं या बंदरांत आलें होतें. त्याच प्रांतांतील न्यू ऑर्लिअन्स शहरीं कृष्णवर्णीय वादकांनीं घडविलेलें जॅझ हें केजन संगीताहून निराळें. पण भूमि एकच. सन १९०३ मध्यें उघडलेल्या मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत सन १९३५ मध्यें लिऑन ॲबी यानें आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद आणला. मागोमाग क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड आले. यांपैकीं वेदरफर्ड पियानो शिकला तोच न्यू ऑर्लिअन्समध्यें. त्यांच्या शेजारीं बसून, आणि पुढें त्यांच्या जागीं, गोमंतकांतील वादक वाजवूं लागले. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन लहानपणींच शिकवीत, त्यामुळें ही विद्या त्यांना चटकन साधली. बारदेशांतील हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ हा 'चिक चॉकलेट' या नांवानें ताजमध्यें गाजला. पुढें तो संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर, यांचा साहाय्यक झाला, आणि सन १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांतून त्याच्या तुतारीचा डौल घरोघर पोंचला. चित्रपटांतून तो लग्नाच्या बॅण्डांत शिरला, आणि बॅण्डांतून बंदर ओलांडून हळदीच्या मांडवांत. त्या रात्रीं भोजनगृहांत जें गाणें चाललें होतें आणि बाहेरून जें ऐकूं येत होतें, त्या दोघांचें आजोळ एकच होतें. आंतल्यांनीं मात्र बाहेरचा आवाज बुडविण्यासाठीं आपला आवाज वाढविला.

घरांतील गाणें भोजनगृहांत जातें तेव्हां त्याचें काय होतें? याचें उत्तर केजन लोकांनीं आपल्या आधीं अनुभवलें आहे. सन १९२१ च्या लुइझियानाच्या राज्यघटनेनें शाळेंतून फ्रेंच हद्दपार झाली. मैदानावर फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊं लागल्या. सन १९२८ मध्यें जो फाल्कन व क्लेओमा ब्रो यांनीं पहिली केजन ध्वनिमुद्रिका केली खरी. पण शिकलेल्या केजन माणसास त्या गाण्याची लाज वाटे. सन १९६४ मध्यें ड्यूई बाल्फा व त्याचे सोबती न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवांत गेले, आणि हजारों परक्या श्रोत्यांनीं त्यांना पुनःपुन्हा टाळ्या दिल्या. तेव्हां घरच्यांना आपल्या गाण्याची किंमत कळली. परक्यांनीं वाखाणल्यावांचून आपलें आपल्याला दिसूं नये, हा रोग केवळ आमचाच नव्हे! सन १९६८ मध्यें फ्रेंच भाषेच्या रक्षणासाठीं सरकारी मंडळ झालें, सन १९७४ मध्यें लाफायेत येथें मोठा संगीतसोहळा झाला.

भोजनगृहें या लाटेवर निघालीं. मामू गांवांत सन १९४६ पासून असलेल्या फ्रेडच्या मद्यगृहांत शनिवारीं सकाळींच लोक नाचावयास जमत, आणि सन १९६२ पासून तेथील गाणें नभोवाणीवरून फ्रेंच निवेदनासह ऐकूं येऊं लागलें. सन १९८० मध्यें ब्रो ब्रिज येथें 'मूलात्स' हें भोजनगृह निघालें. तेथें केजन जेवण, केजन वाद्यवृंद, आणि मेजांच्या मध्यें नाचासाठीं लांकडी जमीन. या जमिनीचें महत्त्व मोठें आहे. तेथें गांवचीं म्हातारीं जोडपीं उठून नाचत, आणि दूरचा प्रवासी त्यांना पाहून शिके. गाणें विकत मिळत होतें, तरी घर कोणाचें हें कोणाला सांगावें लागत नव्हतें. ज्या वादकांना शेतांतून वा कारखान्यांतून परत आल्यावर फुकट वाजवावें लागे त्यांना चार पैसे मिळाले, आणि त्यांच्या मुलांनीं वाद्य हातीं धरलें. हा लाभ खरा आहे. भोजनगृहांतील गाणें म्हणजे नेहमीं गाण्याचा अधःपातच, असें म्हणणारांनीं तो नाकारूं नये.

तोटाहि खरा आहे. पॉल प्रूडोम या केजन पाकशास्त्र्यानें सन १९७९ मध्यें न्यू ऑर्लिअन्स येथें भोजनगृह काढलें आणि मसाला चोपडून, तापल्या लोखंडी तव्यावर काळा केलेला तांबोशी मासा लोकप्रिय केला. देशभर त्याची इतकी मागणी झाली कीं, आखातांतील तो मासा संपतो कीं काय अशी भीति पडून पुढच्या दहा वर्षांच्या आंतच सरकारास त्याच्या व्यापारी मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. मग मासा मागें राहिला आणि मसाला पुडींत बसून जगभर निघाला. तोच फिरत फिरत उलव्यास आला. भाषेचें तेंच झालें. आज तेथें गाण्याचे शब्द चोख म्हणणारे पण त्यांचा अर्थ न कळणारे तरुण गायक आढळतात. चव राहिली, चाल राहिली. ज्या बोलींत तीं एकमेकांना हांक मारीत ती बोली विरत चालली.

पण या विषयांतील सर्वांत कठीण प्रश्न अद्याप बाकी आहे: गाणारा बसतो कोठें? केजन समाजास विस्थापितांचा समाज म्हणून आपण सहानुभूति दिली. परंतु ते ज्या भूमींत आले ती मूळच्या लोकांची होती, आणि तिच्यावर आफ्रिकेंतून आणलेले गुलाम राबत होते. केजन गाण्याच्या घडणीवर ज्याचा ठसा सर्वांत खोल, तो अमेदे आर्द्वाँ कृष्णवर्णीय होता. सन १९२९ मध्यें त्यानें डेनिस मॅकगी या गोऱ्या सारंगीवाल्याबरोबर ध्वनिमुद्रिका केल्या. गोऱ्यांच्या नृत्यांस त्याला आवर्जून बोलावीत. एकदां घाम पुसावयास त्यानें एका गोऱ्या मुलीचा रुमाल घेतला, एवढ्यावरून त्याला मरेस्तोवर मारलें, असें सांगतात. सन १९४२ मध्यें तो एका मनोरुग्णालयांत वारला. ज्याच्या वाद्यावर सारी मेजवानी नाचत होती त्याला त्या मेजवानींत स्थान नव्हतें.

हें वाचून आपण सुस्कारा टाकूं नये, कारण आमच्या पंगतीचा हिशेबहि याहून फार स्वच्छ नाहीं. ज्यांच्या हलगीवांचून व सनईवांचून वरात हलत नसे त्यांतील कित्येकांना, केवळ जातीमुळें, मांडवाबाहेर बसावें लागे आणि सर्वांची उष्टीं निघाल्यावर अन्न मिळे. त्यांच्या सुरांनीं मांडव पवित्र होई. त्यांच्या स्पर्शानें मात्र विटाळे! गाण्यासह भोजनाचा इतिहास लिहितांना पदार्थांची यादी व रागदारी लिहून भागत नाहीं; पंगत कोणाची होती आणि तींतून कोणाला उठविलें होतें, हेंहि लिहावें लागतें.

आजच्या भोजनगृहांत विटाळ नाहीं. जो पैसे देईल तो बसेल. ही सुधारणा लहान नव्हे, आणि जुन्या पंगतीच्या गोडव्यांत ती विसरणें कृतघ्नपणाचें होईल. पण तेथें दुसरें एक नाहींसें झालें आहे: यजमान. पैसे देणारा पाहुणा, वाढणारा पगारी, गाणारा रोजावर, आणि ज्याच्या जमिनीवर हें सर्व उभें आहे तो खिडकीबाहेर. तोहि सर्वत्र बाहेरच आहे असें नाहीं. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर कित्येकांनीं स्वतः इमारती बांधल्या, खाणावळी काढल्या, आणि आगरी जेवणाच्या पाट्या आतां सर्वत्र दिसतात. परंतु त्यांच्या चिंबोरीस जी जागा मिळाली ती त्यांच्या धवळ्यास अजून मिळालेली नाहीं. कोळीगीत म्हणजे काय, हें आमच्या मध्यमवर्गीय घरांना बहुधा शान्ता शेळके यांनीं लिहिलेल्या व लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनीं गायिलेल्या गीतामुळें कळलें. तें गीत सुंदरच आहे. पण शेजारच्या गांवीं ज्यांचें तें गाणें, त्यांच्या मांडवांत बसून तें ऐकण्याची गरज आपल्याला त्यामुळें वाटेनाशी झाली.

असो. आम्ही भोजनगृहांतून निघालों तेव्हां रात्रीचे दहा वाजून गेले होते. नियमाप्रमाणें बॅण्ड थांबला होता. वाटेंत त्या मुलीला मी केजन म्हणजे कोण, तें थोडक्यांत सांगितलें. ती म्हणाली, 'मग इथले लोक गेले कुठें?' मी तिला मांडव दाखविला. वाद्यें बंद असल्यामुळें आंतील बायांचें गाणें आतां प्रथमच ऐकूं येत होतें. एकटी म्हातारी पुढें म्हणे आणि मागून दहापंधरा गळे तें उचलीत. आम्ही रस्त्यावरच थबकलों. मांडवाच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही कोण, कोठले, हें त्यानें विचारलें नाहीं. त्यानें हात पुढें केला व आपल्या बोलींत म्हटलें, 'या, जेवाला बसा.'

आम्ही पोटभर जेवून आलों होतों. तरीहि बसलों.